आधी विचारायचं, मग हव म्हणायचं

ताईंचं आधी सांगते, घडलं ते नंतर.

ताई माझ्या नात्यातल्या कोणी नाहीत. रायपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, मूळ भंडाऱ्याकडच्या घरातल्या, जन्मापासून दृष्टी नसलेल्या आणि चौबे कॉलनीतल्या आमच्या संस्थेचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या. आठवीत शाळा सुटलेल्या मला ‘तुले येईल’ असं म्हणणाऱ्या त्या पहिल्या. नुसतं म्हणाल्या नाहीत, शेजारी खुर्ची ओढून बसल्या. आज मी जे काही दोन पैशांचं शहाणपण मिरवते, ते त्या खुर्चीपासून सुरू झालं. त्यांचं नाव इथं लिहायचं होतं, पण त्यांनीच बजावलं, “नाव लिहिशील तं मी बोलणार नाही तुह्याशी.” तेव्हा ताई एवढंच.

मी जत तालुक्यातली. आठवीपर्यंतची शाळा गावात होती. नववीसाठी एसटीनं जावं लागायचं, आणि एसटी तिच्या मर्जीनं यायची. पावसाळाभर मी फाट्यावर उभी राहून पाहिलं, मग घरातच राहिले. पुढे अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, दिवस गेले आणि तिच्या बाळंतपणासाठी मला रायपूरला धाडलं. भाऊजी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला, राहायला शेजारच्या बीरगावात. बाळ रांगायला लागलं, धावायला लागलं, तरी मी तिथंच. परत जाऊन काय करशील, असं मला कोणी विचारलं नाही, आणि मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बीरगावात कपडे घरात वाळवायचे असतात. बाहेर टाकले तर संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर कारखान्यांची काळी भुकटी बसते. त्या ओल्या कपड्यांच्या वासात बसून मला सारखं वाटायचं, आपण इथंही कोणाच्या तरी वाटेत आहोत. भाऊजींच्या ओळखीनं संस्थेत पाकिटं भरायचं काम मिळालं तेव्हा मी सुटले.

संस्थेचं काम सोपं सांगता येईल. न दिसणाऱ्या मुलांसाठी शाळेची पुस्तकं आवाजात करायची. शहरातली हौशी माणसं येऊन धडे वाचतात किंवा घरी वाचून पेनड्राइव्हवर आणून देतात. ते रेकॉर्डिंग आटोपशीर आकाराचं करायचं, मेमरी कार्डावर चढवायचं, कार्ड पाकिटात घालायचं, आणि पाकीट बसच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. पलीकडच्या स्टँडवर होस्टेलचं कोणीतरी ते उतरवून घेतं. मुलांकडे छोटे प्लेअर असतात, कार्ड त्यात घातलं की पुस्तक बोलू लागतं. मी पाकिटं चिकटवायची. बस.

पहिले काही दिवस मला ताईंची मराठी कळायची नाही. मराठी आहे हे कळायचं, पण कानाला हिसके बसायचे. एकदा मी त्यांच्या टेबलाशी चहा ठेवला आणि उभीच राहिले. त्यांच्या पुढचा पडदा काळा होता, त्यावर पांढरी अक्षरं. बटणं नाहीत, चित्रं नाहीत.

“काहून उभी आहेस?” ताई म्हणाल्या.

“काय नाही. बघतेय.”

“तू बघून राहिली, मी ऐकून राहिली. बस. कॉम्प्युटर चावत नाही.”

चित्रांची, बटणांची खिडकी त्यांच्या काय कामाची. त्यांच्या कॉम्प्युटरात पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा एक आवाज आहे, आणि तो अक्षरांशी जास्त सरळ बोलतो. म्हणून त्या सगळं काम कमांड लिहूनच करत. फाईल हलव, फाईल लहान कर, कार्डावर टाक, सगळं शब्दांत. इअरफोनचं एक टोक त्यांनी माझ्या कानात दिलं, दुसरं त्यांच्या कानात. आम्ही दोघी एकाच तारेला बांधलेल्या बसलो.

त्या दिवशी त्यांनी मला जी पहिली गोष्ट शिकवली ती कमांड लिहिणं नव्हे. कमांड संपल्यावर ती काय सांगून गेली ते विचारणं.

“प्रत्येक कमांड मरता मरता एक आकडा सांगून जाते,” त्या म्हणाल्या. “तो कोनी विचारला तरच ऐकू येते. नाही विचारला तं गेला.”

“कसला आकडा?”

“तू इथं आली तेव्हा घरी काय कळवलं?”

“मिस कॉल दिला.”

“एकच?”

“एक म्हणजे पोचले. लागोपाठ आले तर समजायचं, काहीतरी अडलंय, उलटा फोन करा.”

“हव! तेच होय हे. शून्य आलं तं सुखरूप पोचली. दुसरं काही आलं तं तिकडे काही तरी अडलं.”

“शून्य म्हणजे चांगलं?”

“अडचणी किती? शून्य. मग चांगलंच ना.” आणि हसून, “मास्तराचं शून्य नव्हे हे, पोट्टी.”

मग त्यांनी एको, म्हणजे बोलून दाखव, मग एक जागा, डॉलरचं चिन्ह आणि त्याला लागून प्रश्नचिन्ह, असं लिहून दाखवलं. कानात आवाज आला, शून्य. मी चुकीच्या नावाची फाईल हलवायला सांगितली, परत विचारलं. एक. मला तो एक ऐकून भीती वाटण्याऐवजी बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चुकलं आणि कोणी ओरडलं नाही. फक्त सांगितलं.

त्यानंतर पाकिटं उरकली की मी ताईंच्या शेजारी. कमांडनंतर पायथन. पायथन म्हणजे जे एकेक करून हातानं लिहायचं ते एकदाच लिहून ठेवायची भाषा, एवढं मी समजले. संस्थेचा एक प्रोग्राम आधीच होता. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं तो लिहून दिला होता आणि नोकरी लागल्यावर तो बंगलोरला गेला. प्रोग्राम एकेका धड्याला हात घाली, रेकॉर्डिंग लहान करायची कमांड चालवी, मग कार्डावर टाकायची. ती लहान करणारी कमांड फार बडबडी. तिची बडबड ताईंच्या कानात तासभर वाजत राही, म्हणून त्या पोरानं तिचं तोंड बंद करून टाकलं होतं. मग झालं उलटंच. सगळं चिडीचूप. ताई म्हणाल्या होत्या, “अंधारात बसल्यासारखं लागते रे बाबू. काही तं बोलव.” तेव्हा त्यानं प्रत्येक कमांडच्या पाठीला एक ‘हव’ बोलायला लावलं.

रायपुरात हो म्हणायला हव म्हणतात. पण हव म्हणजे नुसतं हो नाही. फोनवर समोरचा बोलत असताना मधे मधे हव, हव म्हणत राहायचं असतं. ऐकू आलं तरी हव, कळलं तरी हव, नाही कळलं तरी हव. नाहीतर बोलणाऱ्याला वाटतं, लाईन कटली. मी आमच्याकडचं व्हय म्हणायचे तर भाजीवाली हसायची. वर्षभरात मीही हव म्हणायला लागले. तर तसा तो प्रोग्राम. धडा एक, हव. धडा दोन, हव. ताई मान डोलवत ऐकायच्या, हातात चहाचा कप. तो आवाज चालू असला की आमच्या खोलीत सगळ्यांनाच बरं वाटायचं.

पुढे ताईंनी सरांना सांगून टाकलं की कार्डं भरायचं काम आता ही करेल. सर म्हणजे संस्था चालवणारे, निवृत्त प्राध्यापक, मनानं चांगले पण घाबरट. “आठवीं पढ़ी है, सिस्टम बिगड़ गया तो?” ते म्हणाले. माझ्यासमोरच म्हणाले. ताई म्हणाल्या, “तो मुझसे पूछिएगा, सर. जिम्मा मेरा.”

जिम्मा मेरा. हे शब्द माझ्या पोटात गेले आणि तिथंच बसले. त्या दिवसापासून कार्ड भरताना माझे तळहात ओले व्हायचे.

मार्च लागायच्या आधीची गोष्ट. बारावीच्या इतिहासाची कार्डं आम्ही पाठवली होती. जगदलपूरच्या होस्टेलमधल्या एका मुलीचा संस्थेत फोन आला. ही मुलगी आम्हाला माहीत होती. आदल्या वर्षी तिचा इतिहासच राहिला होता, कारण पुस्तक आवाजात मिळालंच नव्हतं, मैत्रिणींनी वाचून दाखवलं तेवढ्यावर ती परीक्षेला बसली होती. घरच्यांनी सांगून टाकलं होतं, यंदा शेवटचं. नाही निघाली तर गावी ये. पेपर पुढच्याच आठवड्यात होता. फोन मी उचलला.

“दीदी, नौवां पाठ कहां है? आठवें के बाद सीधा दसवां बोल रहा है.”

“ठीक से देखो ना, होगा,” मी म्हटलं. न दिसणाऱ्या मुलीला मी देखो म्हटलं.

“देख लिया दीदी,” ती हसली. “सब बटन दबा के देख लिया. नहीं है.”

मी कॉम्प्युटरवर पाहिलं. खरंच नव्हता. नववा धडा लहान केलेल्या फाईलींत नव्हता, त्यामुळे कार्डावरही नव्हता. मूळ रेकॉर्डिंग मात्र जागेवर दिसत होतं. आणि प्रोग्राम चालला तेव्हा मी स्वतः ऐकलं होतं, धडा नऊ, हव.

सर आले. त्यांनी कपाळाला हात लावला. “छोड़ो बेटा, सिस्टम को हाथ मत लगाओ अब. बंगलोर वाले लड़के को फोन करते हैं. तब तक वो नौवां वाला ऐसे ही भेज दो.” बंगलोरवाला फोन उचलेना. होस्टेलच्या वॉर्डनच्या मोबाईलवर पाठवावं तर तिच्या मोबाईलमधून कार्डावर चढवून देणारं तिथं कोणी नाही. संध्याकाळची बस होती. त्या बसला पाकीट गेलं पाहिजे, एवढं मला कळत होतं.

तसं नववा हातानं लहान करून पाठवून दिला तर भागेल, असं तेव्हा वाटत होतं. पण माझ्या मनात एक किडा शिरला होता. नवव्याला जर त्यानं खोटंच हव म्हटलं असेल, तर बाकीच्यांचं खरं कशावरून? ती मुलगी दहाव्यापर्यंतच ऐकून थांबली होती. पुढचं तिला ठाऊक नव्हतं, आणि मलाही.

ताई भावाबरोबर दवाखान्यात गेल्या होत्या, दुपारी येणार होत्या. मी खुर्चीत बसले, इअरफोनची दोन्ही टोकं कानात घातली आणि नवव्या धड्याची कमांड हातानं लिहिली. प्रोग्राममधून जशीच्या तशी उचलली, फक्त पाठीचं हव काढून टाकलं. कमांड क्षणात संपली, एवढा मोठा धडा आणि क्षणात. मग विचारलं. डॉलर, प्रश्नचिन्ह.

एक.

परत तीच कमांड लिहिली, या वेळी हव पाठीला ठेवून. कानात आलं, हव. विचारलं. शून्य.

मी हात मांडीवर ठेवून बसले. माझ्या लक्षात आलं होतं, पण मला ते लक्षात यायला नको होतं. एका ओळीत दोन कमांड लागोपाठ ठेवल्या की आकडा शेवटच्या कमांडचा येतो. शेवटची कमांड होती हव म्हणण्याची. आणि हव म्हणण्यात कोणाचं काय चुकणार? ते नेहमीच जमतं. आमच्या गावात लग्नाचा निरोप धाडायचे तेव्हा असंच व्हायचं. निरोप्या फाट्यावर पत्ते खेळत बसलेला, आणि घरी विचारलं, निरोप गेला का, तर दारातलं पोरगं म्हणायचं, व्हय. पोरगं खोटं बोलत नसे. त्याला विचारलं म्हणून ते बोलायचं.

पण हे हव ताईंनी मागितलेलं होतं. माझ्यासाठी ज्यांनी जिम्मा मेरा म्हटलं, त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू की चूक तुमच्या हवमध्ये आहे? खरं सांगते, एकदा मनात आलं, गुपचूप दुरुस्त करावं आणि बोलू नये. पण प्रोग्राम रोज ताई ऐकणार. आवाज बदलला की त्या विचारणारच.

ताई आल्या. सरांनी जिन्यातच त्यांना सगळं सांगितलेलं. त्या खुर्चीत बसल्या, पदरानं मान पुसली.

“सांग, काय झालं?”

मी म्हटलं, “ताई, एक ऐकता का?” आणि इअरफोनचं एक टोक त्यांना दिलं.

फॉल्स नावाची एक कमांड आहे. ती काहीच करत नाही, फक्त नापास होते. दरवेळी. ताईंनीच मला शिकवली होती, गंमत म्हणून. मी ती लिहिली आणि आकडा विचारला. एक. मग तीच लिहिली आणि पाठीला हव लावलं. दोघींच्या कानात एकदमच आलं, हव. आकडा विचारला. शून्य.

खाली रस्त्यावरून गॅसच्या टाक्यांची गाडी खडखडत गेली, ती ताईंनी पूर्ण जाऊ दिली.

“परत कर,” त्या म्हणाल्या.

मी परत केलं. हव. शून्य.

“अव माय,” ताई म्हणाल्या. मग हळूच, “म्हणजे इतके दिवस मी माह्याच मनाचं ऐकून राहिली होती.”

“तसं नाही ताई...”

“तसंच आहे. रडतेस काहून? तू पकडलं ना? मग रडाचं मी की तू?” आणि मग त्या एकदम हसायला लागल्या. “सगळं रायपूर असंच चालते बाई. प्लंबरला विचार, हव. बिजलीवाल्याला विचार, हव. मशीनला पण आपणच शिकवलं.” माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या तो माझ्या नाकावर पडला. “चाल, लिही आता.”

मी प्रोग्राम उघडला. कमांडच्या ओळीतून हव काढलं. शेलला, म्हणजे लिहिलेली ओळ वाचून कमांड चालवणाऱ्याला, एक लांबलचक वाक्य देण्याऐवजी कमांडचा एकेक शब्द सुटा करून पायथनच्या हातात दिला, जशी ताईंनी पूर्वी सवय लावली होती, म्हणजे पायथन ती एकच कमांड चालवतो आणि तिचाच आकडा परत आणतो. चालवून पाहिलं. प्रोग्राम आठव्यावरून नवव्यावर गेला, नवव्यावरून दहाव्यावर, आणि पुढे निघून गेला. थांबलाच नाही.

“का नाही थांबला?” माझा आवाज चिरकला. सर दारात उभे होते, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“तू थांब म्हटलं का त्याले?” ताई म्हणाल्या.

“आकडा तर येतोय परत.”

“मिस कॉल आला. पण तुह्या आईनं फोन उचलून पाह्यलाच नाही तं?”

हो. आकडा येत होता आणि पडून राहत होता. पायथन तो तुमच्या पुढ्यात ठेवतो, पण तुम्ही त्याच्याकडे पाहिलं नाही तर तोही काही म्हणत नाही. मी खाली ओळी लिहिल्या: परत आलेला आकडा शून्य नसेल, तर धड्याचं नाव घे, नाही म्हण, बडबडी कमांड काय कुरकुरली ते वाचून दाखव, आणि तो धडा अडलेल्यांत ठेव. शून्य असेल तरच हव म्हण. कार्डावर टाकायच्या कमांडलाही तेच. सरांनी मागून म्हटलं, “बेटा, बस साढ़े...” ताई म्हणाल्या, “सर, चाय बोल दीजिए ना.” सर चहा सांगायला गेले.

प्रोग्राम सुरू झाला. धडा एक, हव. दोन, हव. आम्ही दोघी श्वास धरून. आठ, हव.

“धडा नऊ. नाही.”

त्या आवाजात नाही हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ताईंनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. दहा, अकरा, बारा, हव, हव, हव.

“धडा तेरा. नाही.”

तेरावा पुस्तकातला शेवटचा. त्या मुलीनं तो अजून ऐकायला घेतलाच नव्हता. पेपरच्या आदल्या दिवशी तिनं तो लावला असता आणि तिथं काहीच नसतं.

दोन्ही धडे सदर बाजारातल्या एका काकांनी वाचलेले. आयुष्यभर सराफाच्या पेढीवर बसलेला गोड आवाजाचा माणूस. त्यांच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मागे स्कूटरचे हॉर्न असायचे, मुलांना ते आवडायचे. कमांडची कुरकुर वाचली तर कळलं, दोन्ही फाईली अर्धवट उतरलेल्या. काका घाईचे, पेनड्राइव्ह लावायचा आणि पुरतं उतरायच्या आत ओढून खिशात. फोन केला. काका बिलासपूरला लग्नात, मागे बँड. “तेरहवां मोबाइल में है, अभी भेजता हूं,” ते म्हणाले. “नौवां तो बेटा, मैंने मिटा दिया. तुम लोगों ने हव बोला था ना.”

तेरावा आला. चालवला. हव. आता हे हव ऐकायला वेगळंच लागलं.

नववा उरला. वाचायला कोणी हाताशी नाही. सरांच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांचा आवाज दोन पानंही पुरत नाही. ताईंनी माझ्याकडे तोंड वळवलं.

“नाही,” मी म्हटलं. “ताई, माझी हिंदी...”

“तुही हिंदी मले माहीत आहे. चाल.”

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे गाद्या लावलेलं एक कपाट. आत पंखा लावता येत नाही. मी पुस्तक घेऊन बसले, ताई शेजारी पाटावर. मी वाचू लागले आणि पहिल्याच परिच्छेदात अडकले. शाळा सुटल्यापासून मोठ्यानं असं काही वाचलंच नव्हतं. ‘स्वतंत्रता’ हा शब्द तर दर दोन ओळींनी येत होता आणि दरवेळी माझी जीभ त्यात अडकत होती. एकदा मी एक अवघड वाक्य गिळून पुढे गेले. ताईंनी लगेच माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली.

“काही सुटलं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“दम नाही लागला तुले. अटकशील तं अटक. थांब, परत वाच. पण न वाचता पुढे जाऊ नको. आत्ताच आपण मशीनची ही सवय काढली ना?”

मी परत मागे गेले. घाम हनुवटीवरून पानावर पडत होता. मधे एकदा पाणी प्यायला थांबलो तेव्हा ताई म्हणाल्या, “तुह्या वाचण्यात मराठी येते. चांगलं लागते.” मग थोड्या वेळानं, जणू दुसऱ्याच कोणाशी, “मराठीत मले कोनी वाचून नाही दाखवलं कधी. बाबा रहस्यकथा वाचत. ड्यूटीवरून आले की खाटेवर पडून. मी पायथ्याशी बसून राहो. मले फक्त पान पलटल्याचा आवाज. मधेच ‘अरे!’ म्हणत. मी विचारो, काय झालं बाबा? तं म्हणत, काही नाही, झोप.”

“पुस्तकं आहेत अजून?”

“आहेत ना. पेटीत. भावाचे पोट्टे मराठी समजतात, पण बोलतात हिंदी. वाचणार कोन? चाल, वाच तू. बस जाईल.”

धडा संपला. रेकॉर्डिंग मी स्वतः उतरवलं, पूर्ण उतरेपर्यंत पेनड्राइव्हला हात लावला नाही. प्रोग्राम चालवला. आठ, हव. धडा नऊ म्हटल्यावर जो क्षण गेला त्यात मी जतच्या देवीपासून रायपूरच्या बंजारीमातेपर्यंत सगळ्यांना हाक मारली.

“हव.”

पाकीट मी चिकटवलं, सरांनी स्कूटर काढली आणि स्वतः स्टँडवर नेलं. ड्रायव्हरच्या हातात देऊन त्यांनी फोन केला, “दे दिया.” मी विचारलं, “सर, बस निकली क्या?” ते म्हणाले, “अरे, निकलेगी.” मी म्हटलं, “निकल जाए, तब आइएगा.” बोलून गेल्यावर मला माझीच भीती वाटली. सर थांबले. बस निघाल्यावर परत फोन केला. दारात ताई हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. “दीदी, नौवां आ गया. तेरहवां भी है. नौवां आपने पढ़ा है ना?”

“कैसे पहचाना?”

“स्वतंत्रता पे हर बार रुकती हो.” ती खूप हसली. “अच्छा है. उधर ही मेरा ध्यान जाग जाता है.”

पेपर झाल्यावर तिनं पुन्हा कळवलं. नवव्यातून काहीच आलं नव्हतं. मी ज्या धड्यासाठी कपाटात उकडून निघाले, त्यातला एक प्रश्नही नाही. मोठा प्रश्न आला तेराव्यातला. “पूरा लिखवाया दीदी,” ती म्हणाली. तिला लेखनिक मिळाला होता. “लिखते लिखते वो थक गया, मैं नहीं थकी.” यंदा तिचा इतिहास निघाला. आता ती जगदलपूरलाच कॉलेजात आहे आणि तिथली पुस्तकं मागवून आम्हाला हैराण करते.

संस्थेतला प्रोग्राम आता माझा आहे. बंगलोरवाल्यानं उशिरा का होईना फोन केला, मी काय केलं ते ऐकलं, आणि म्हणाला, “अरे हां, शेल में आखिरी वाले का ही आता है,” जणू ते सगळ्यांना माहीत असतं. असेल. मला ते माहीत व्हायला एक अख्खा दिवस लागला आणि तो दिवस मी कोणाला देणार नाही. काका आता पेनड्राइव्ह लावून हात मागे बांधून उभे राहतात, “बोल देना बेटा, कब निकालूं.” अक्काला वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे यंत्राला खरं बोलायला लावलंस व्हय?” मी म्हटलं, “व्हय.” आईशी बोलताना अजून व्हयच निघतं.

मला अजूनही धास्ती वाटते. प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू केला की तळहात ओले होतात. पण आता मी त्या धास्तीला काम लावलं आहे. आधी विचारायचं. उत्तर ऐकायचं. मग हव. यंदा मी दहावीचा मुक्त शाळेचा अर्ज भरला आहे. सरांनी सही केली, ताईंनी गणिताचे धडे माझ्यासाठी शोधून काढले, आणि तेही आम्ही एका तारेवर दोघी ऐकतो.

मागच्या रविवारी मी रेल्वे कॉलनीत ताईंकडे गेले होते. पेटी उघडायला लावली. वरती स्वेटर, खाली डांबराच्या गोळ्या, त्याखाली बाबांच्या रहस्यकथा. पानं पिवळी, पाठीला रेल्वेच्या पावत्यांचे कागद चिकटवलेले. मी एक पुस्तक उचललं, पहिली ओळ मनातल्या मनात वाचली आणि बंद केलं. ताईंनी आवाजावरून ओळखलं.

“काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “झोपा.”

त्यांनी हातातली उशी माझ्या दिशेनं फेकली. ती भिंतीला लागली.

ताई, तुमचं ऋण आहे, ते मला ठाऊक आहे. तुम्ही हे कोणाकडून तरी वाचून घ्याल किंवा त्या यंत्राकडून ऐकाल, म्हणून इथं लिहून ठेवते. दहावी होऊ दे. जीभ अजून थोडी वळू दे. मग एक दिवस मी तुमच्या बाबांची ती सगळी पुस्तकं त्या उकाड्याच्या कपाटात बसून वाचीन, पहिल्या पानापासून खुनी सापडेपर्यंत, एक ओळही न गिळता. अडकेन तिथं अडकेन. बाबा जिथं ‘अरे!’ म्हणाले असतील तिथं मीही म्हणेन, आणि काय झालं ते तुम्हाला तिथल्या तिथं कळेल. कार्ड भरीन, प्रत्येक धड्याला विचारीन, आणि शेवटपर्यंत शून्य आलं की मगच ते तुमच्या हातात देईन.